मामांनी विचारलेलं हवामान

सास्तूर,
आबान महिना, सन १३५३ फसली (तुमच्याकडचा सप्टेंबर १९४४),
बुधवार. बाहेर पाऊस.

तीर्थस्वरूप महालिंगप्पा मामांस शिवलिंगप्पाचे साष्टांग शरणार्थ.

इकडं सगळे खुशाल आहोत. ओले आहोत, पण खुशाल. अव्वाचे गुडघे या दिवसांत दुखतात तसे दुखत आहेत. तुमचे कसे आहेत? (तुम्हां बहीणभावांचे गुडघे एकाच दिवशी दुखतात असा तिचा समज आहे. काल तिचा उजवा गुडघा फार दुखला आणि ती दिवसभर 'महालिंगप्पाला आज बसता येत नसंल' म्हणत होती. तुमचा दुखला असेल तर तसं कळवावं. दुखला नसेल तरी दुखला असंच कळवावं.) मामींचा दमा कसा आहे? ओल्या हवेत त्यांनी बाहेर पडू नये. एखाद्या वेळी पडायला हरकत नाही. त्याबद्दल खाली लिहीन, लिहिणं जमलं तर.

तुमचं पत्र सोमलिंगनं शनिवारी आणून दिलं. ते टपालानं आलं असतं, पण टपालात पत्र भिजतं म्हणून तुमचे चिरंजीव दुकान सोडून स्वतः निघाले. सोलापूरहून उमरग्यापर्यंत मोटारीनं आणि तिथून चालत. मोटार हल्ली लढाईमुळं कोळशाच्या धुरावर चालते. नळदुर्गच्या चढावर धूर कमी पडला आणि उतारूंनी ती ढकलली. उमरग्यापासून पुढं पाऊस. पत्र त्यानं आमच्यासाठी आणलेल्या दोन चादरींच्या घडीत ठेवलं होतं, त्यामुळं ते कोरडं पोहोचलं. चादरी आणि सोमलिंग पिळावे लागले. त्याच संध्याकाळी गावाबाहेरचा ओढा भरून आला आणि परतीची वाट बंद झाली. (तो बरा आहे. ओढा उतरला की निघेल.)

पत्रात तुम्ही येत्या शुक्रवार, शनिवार आणि रविवारचं हवामान मागितलं आहे. तीन दिवस का, ते समजलं. तुमच्या पेठेला सुट्टी रविवारी आणि आमच्या शाळेला शुक्रवारी. इंग्रजी मुलखातला मामा आणि मोगलाईतला भाचा एकाच दिवशी मोकळे सापडत नाहीत, तेव्हा मधला शनिवार दोघांनी बुडवायचा, हे ठीक आहे. अक्कलकोटच्या पार्वतम्मा आपल्या मुलाला घेऊन आमच्या महादेवीला बघायला येणार, पण अंगावर थेंब पडणार असेल तर घरातूनच निघणार नाहीत, हेही समजलं. तेव्हा सोलापूरपासून सास्तूरपर्यंत पाऊस कुठं, उघडीप कुठं, वाट कशी, हे 'नीट चौकशी करून, शिकलेल्या माणसाला शोभेल असं' लिहून पाठवावं, असा तुमचा हुकूम आहे. मामा, मी गावच्या शाळेत मास्तर आहे. मुलांकडून नद्यांची नावं पाठ करून घेतो. कधी वाढायचं हे त्या नद्या मला विचारत नाहीत. तरी चौकशी केली.

पहिल्यांदा मठात जाऊन स्वामींना विचारलं. त्यांनी पंचांग काढलं आणि सांगितलं की उत्तरा नक्षत्राचं वाहन यंदा कोल्हा आहे, म्हणजे पाऊस बेताचा. आम्ही दोघं पंचांगावर एकच छत्री धरून बसलो होतो. कोल्हा वाहून गेला असावा, असं मी म्हटलं. स्वामी हसले नाहीत. मग दगडोबाला विचारलं. दगडोबाची गाडी उमरग्याला जाते-येते आणि तिथं एका कापडवाल्याच्या दुकानात रेडिओ आहे. शनिवारी ओढा भरायच्या आधी दगडोबानं तो तासभर ऐकला होता. त्यात फ्रान्समधली खबर होती, एक कव्वाली होती, आणि हैदराबादेत ऊन पडल्याचं होतं. आमच्याबद्दल काही नव्हतं. मग मी दगडोबालाच म्हटलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "म्या काय सांगू मास्तर? पाव्हणे कवा येणार ते तुमी सांगा, मंग म्या पाऊस सांगतो." गावात ज्याला ज्याला विचारलं त्यानं हेच उलटं विचारलं. हे तुम्हांला नवीन असेल, म्हणून सुरुवातीपासून लिहावं लागेल. मला कंटाळा आला आहे, पण लिहितो.

चैत्रात नळदुर्गचे लोक महादेवीला बघायला आले होते, तुम्हीच पाठवले होते. आभाळ स्वच्छ होतं. महादेवी चहा घेऊन बाहेर आली आणि गारा सुरू झाल्या. मुलाच्या चुलत्यांना अंगणात एक गार लागली. ती त्यांनी मनाला लावून घेतली. गावातल्या कोंडीरामाच्या आमराईतल्या सगळ्या कैऱ्या त्या दिवशी खाली आल्या. (पाहुण्यांना घोंगड्याखाली झाकून उमरग्यापर्यंत पोहोचवणारा सोमलिंगच होता. तेव्हाही तो पत्र टपालात भिजू नये म्हणून आला होता. चैत्रात.) रोहिणीत औशाचे लोक आले. महादेवी बसली, मुलानं नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि जी वावटळ उठली ती शाळेचे दोन पत्रे घेऊन गेली. मागून पाऊस. औशाचे लोक 'पसंती कळवतो' म्हणून निघाले. अजून कळवत आहेत. तिसऱ्या वेळी लातूरकडचे लोक आलेच नाहीत, 'येऊ' एवढं पत्र आलं. त्या दिवशी झिमझिम झाली. पत्राला पत्राइतका पाऊस, असं गाव म्हणालं, आणि तिथून हे सुरू झालं.

श्रावण कोरडा गेला, तुम्हांला आठवत असेल. गावानं महादेव कोंडला, गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवली. पाऊस नाही. तेव्हा कोंडीराम आमच्या ओट्यावर येऊन बसला. कोंडीराम गावातला मोठा शेतकरी, शब्दाला वजन असलेला माणूस. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, एखादं स्थळ बोलवा की." मला बरं वाटलं. परक्या माणसालाही आपल्या बहिणीची काळजी आहे, असं वाटलं. मी म्हटलं, स्थळं अशी मागून मिळतात का? तो म्हणाला, "म्या आणतो. तुमी निस्तं हो म्हणा." आणि खरोखरच चार दिवसांनी त्यानं उमरग्याहून एक व्यंकट नावाचे गृहस्थ आणले. मोटार स्टँडवर हमालांचे मुकादम. अंगात नवा सदरा, तो कोंडीरामाचा होता हे मला नंतर कळलं. अव्वानं महादेवीला तिची ठेवणीतली इरकल नेसवली. महादेवीनं सुशीला केला. (चुरमुऱ्यांचा. तुम्हांला आवडतो तो.) मी वय विचारलं. ते व्यंकटरावांना आठवेना. घरी कोण कोण असतं विचारलं, तर ते कोंडीरामाकडं बघू लागले. मग सुशील्याचा एक घास खाऊन ते एकदम खुलले आणि म्हणाले, "आमच्या घरी बी असाच करतात, पर तिखट कमी." अव्वानं विचारलं, "घरी कोण करतं?" ते म्हणाले, "कोण म्हंजे? बायको."

गोठ्याच्या पत्र्यावर पहिला थेंब वाजला तो सगळ्यांनी ऐकला. कोंडीराम "आला! आला!" करत अंगणात गेला आणि दोन्ही हात वर करून भिजत उभा राहिला. रस्त्यावर माणसं जमली. कोणीतरी हलगी आणली. व्यंकटरावांनी दुसरी बशी मागितली. महादेवीनं ती दिली, रिकामी झाल्यावर उचलली, आणि अंगणाच्या पायरीवर येऊन कोंडीरामाला म्हणाली, "काका, पुढच्या खेपेला नवरा नसला तरी चालंल. गळक्या माळवदावर माती तेवढी आणून टाका." कोंडीराम भिजत म्हणाला, "टाकतो की माय." पण पाऊस पुरेसा झाला आणि माती राहिली. गाव त्या दिवशी आनंदात होतं. आमच्या घरी कोणी जेवलं नाही. महादेवी रडली वगैरे नाही. पाहुण्यांसमोर बसायला ती आजही नाही म्हणत नाही. फक्त बसण्याआधी गळतीच्या जागा बघून घमेली मांडून घेते.

आता उलट झालं आहे. उत्तरा लागल्यापासून झड आहे. उडीद ढिगात मोडतो आहे आणि त्याला कोंब आले आहेत. रानात पाय ठरत नाही, मग रब्बीची ज्वारी पेरायची कशी? जमीन थोडी सुकून वाफसा यावा म्हणून सगळं गाव आभाळाकडं बघतं आहे. अशात सोमलिंग तुमचं पत्र घेऊन आला आणि ते आमच्या ओट्यावर वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीराम हजर. या वेळी टोपी काढली नाही. "मास्तर, त्या अक्कलकोटच्या बाईला येऊ देऊ नका. आमचं वाटुळं करता का? पोरीला आता कुणी बगायचं न्हाय." मी विचारलं, किती दिवस? "ज्वारी पेरून होऊ द्या." आणि मग? "मंग ज्वारी गुडघ्याला आली की एक पाऊस लागतोय. तवा बोलवा. आमीच गाडी पाठवू." मी म्हटलं, आणि त्यानंतर? तो विचार करू लागला. मामा, तो खरोखर विचार करत होता. हरभऱ्याला पाऊस नको असतो म्हणाला, तेव्हा माघ-फाल्गुनात एकही स्थळ नको. मृगाच्या तोंडावर एक मोठं स्थळ, जमलं तर लांबचं. माझी बहीण या हिशेबानं पुढची दहा वर्षं गावाला पुरेल. मी त्याला रागावून बोललो नाही. रागवायचा कंटाळा येतो, आणि त्याचा उडीद खरंच मोडला आहे.

तर आता हवामान. सोलापुरात तुम्हांला दारातून दिसेल ते. तिथून नळदुर्गपर्यंत भुरभुर. नळदुर्गच्या चढावर पाऊस असो नसो, मोटार ढकलायला उतरावं लागेल, तेव्हा तिथं पार्वतम्मांनी भिजणं धरून चालावं. उमरग्याच्या स्टँडवर पाणी साचलं आहे, त्यात व्यंकटराव उभे असतील. ते ओळख दाखवतील. त्यांना ओळख देऊ नये. येडशीकडून आलेला एक जण सांगत होता की रामलिंगाला इतकं पाणी आहे की माणसं लांबूनच हात जोडून परत फिरतात. (येडशी तुमच्या वाटेवर नाही, पण तुम्ही 'आसपासचंही' लिहिलं आहे.) उमरग्यापासून सास्तूरपर्यंत चिखल, काळा. बैल गुडघ्यापर्यंत, गाडी आसापर्यंत, पाहुणे आपापल्या स्वभावाप्रमाणं. शुक्रवारी सकाळी आभाळ, दुपारी पाऊस. शनिवारी सकाळी पाऊस, दुपारी आभाळ. रविवारी चांगलं ऊन पडेल, बायका गोधड्या वाळत घालतील, आणि मग पडेल. ओढा भरलेला. पलीकडं तेरणा काय करते आहे ते इथून दिसत नाही, आवाज येतो.

घरातलं हवामान वेगळं द्यावं लागेल. माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण तुम्ही आता सोलापुरात पक्क्या घरात राहता आणि विसरला असाल. बाहेर पाऊस पडतो तेव्हा आमच्या घरात तो पडत नाही. माती तो पिऊन ठेवते. बाहेर थांबला की घरात सुरू होतो आणि बाहेर ऊन असताना दिवसभर चालतो. देवघरात बारीक सर आहे. माझ्या पुस्तकांवर मध्यम स्वरूपाचा. स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला एकच धार होती, ती जोराची. त्या धारेसाठी सोमलिंग रविवारी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन माळवदावर चढला. वरून छिद्र दिसत नाही, म्हणून महादेवीनं खालून काठीनं ठोकून जागा दाखवायची आणि त्यानं वरून पाय आपटून 'इथंच का?' विचारायचं, असं ठरलं. खालून दोनदा ठोकलं, वरून दोनदा. मग खालून तीनदा. दुपारपर्यंत धार बंद झाली. ठोकणं बंद झालं नाही. सोमवारी ठोकत होते. काल ठोकत होते. आत्ता मी लिहितो आहे तेव्हा महादेवी भाकरी थापता थापता उठली, काठी घेतली, एकदा ठोकलं आणि परत येऊन बसली. वरून लगेच उत्तर आलं. मी शिकलेला माणूस आहे, पण या भाषेचं मला काही समजत नाही. अव्वा चुलीसमोर बसून सगळं ऐकते. काल तिनं गहू-गुळाची हुग्गी केली. सण नव्हता. आमच्याकडं हुग्गी जावई आल्यावर करतात, हे मी तिला सांगितलं नाही, कारण मला ते तिनंच शिकवलं आहे. (सोमलिंग बरा आहे. तीन वाट्या खाल्ली. ओढा उतरला की निघेल.)

पार्वतम्मांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. बाई नेटक्या असतील, मुलगा चांगला असेल. पण मामा, त्या कोरड्या आल्या आणि महादेवी बाहेर येताच पाऊस आला, तर त्या भिजलेल्या परत जातील आणि अक्कलकोटात सांगतील. आणि पाऊस आला नाही, तर गाव म्हणेल या पोरीत आता तेही राहिलं नाही. दोन्हीकडून ऐकून घ्यायला तीच आहे. मी तिला विचारलं, अक्कलकोटच्यांना येऊ द्यायचं का? ती म्हणाली, "येऊ द्या. घमेली आहेत." ती असं बोलते तेव्हा मला घरातून उठून शाळेत जाऊन बसावंसं वाटतं. शाळेवरही दोन पत्रे नाहीत.

हवामान एवढंच आहे. यातून कोरडी वाट तुम्हांला सापडली तर मलाही कळवा. मामींना शरणार्थ. दुकानातल्या मंडळींना ओळख द्यावी. पायांना तिळाचं तेल कोमट करून लावावं, उजव्या गुडघ्याला आधी.

तुमचा भाचा,
शिवलिंगप्पा

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात शेजारच्या धुरपदाबाई विस्तव न्यायला आल्या आणि त्यांनी गावाच्या अडचणीवर एक तोड काढली. ती माझी नव्हे, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहितो. "बगायला परकं आलं की पडतोय न्हवं? मंग परक्याला बोलवता कशाला? मामाच्या घरी द्या की. मामाच्या पोरानं तिला शेंबूड पुसता येत नव्हता तवापासनं बगितलंय. त्यानं आनिक काय बगायचं? बगणं न्हाय, पाऊस न्हाय." कोंडीराम ओट्यावरच होता. त्याला हे इतकं पटलं की तो उठून उभा राहिला. तुम्ही हो म्हणालात तर वाफसा यायच्या आत माळवदावर पांढऱ्या मातीच्या गाड्या रिकाम्या करतो म्हणाला, आणि या वेळी देवघराकडं हात करून म्हणाला. अव्वाला आत ऐकू गेलं. ती म्हणाली, "मागायचं त्यानं असतंय." एवढंच. ('त्यानं' म्हणजे तुम्ही, असं मला वाटतं. मामाच्या घरचा हक्क पहिला, तो मामानं सांगायचा, म्हणून ती वाट बघते आहे. मुलीकडच्यांनी विचारायचं, म्हणून तुम्ही वाट बघत असाल. गुडघ्यांसारखं हेही तुम्हां दोघांना एकाच दिवशी कळलं असतं तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.)

आणखी ता. क. मामींना पेठेतल्या मोठ्या घरची सून हवी होती, हे आम्हांला ठाऊक आहे. इथं घर गळकं आहे हेही त्यांना ठाऊक आहे. पण मुलगी गळक्या घरात राहायला शिकलेली आहे, पक्क्या घरात तिला काही करायलाच उरणार नाही. पार्वतम्मांना पाऊस आहे म्हणून कळवा, ते खरंच आहे. शुक्रवारी तुम्ही आणि मामी दोघंच या. मामींना नळदुर्गच्या चढावर मोटारीतून उतरू देऊ नका, त्यांच्या वाटचं मी नंतर कधीतरी ढकलीन. साखर कंट्रोलवर आहे. साखरपुड्याला मिळाली नाही तर गूळ चालेल, अव्वाची हरकत नाही. महादेवीला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "मामा आले तर घमेली मांडायची न्हाईत ना?" मी म्हटलं, नाहीत. ती उठली आणि काठीनं वर बरंच लांबलचक काहीतरी ठोकलं. या वेळी वरून उत्तर यायला वेळ लागला. मग आलं, आणि माझ्या पुस्तकांवर माती पडली.

शेवटचं ता. क. दगडोबा हे पत्र उमरग्याच्या मोटारीवर द्यायला नेतो आहे. त्याचं शेत ओढ्यापलीकडं आहे, तो आत्ता तिकडूनच गाडी घेऊन आला. चाकं निम्मीसुद्धा भिजलेली नाहीत. म्हणाला, ओढा सोमवारीच उतरलाय, शेरडं जातायत त्यातून. सोमलिंग माळवदावर उभा राहून ती गाडी येताना बघत होता. मी खालून विचारलं, काय रे, ओढा कसा आहे? तो म्हणाला, "अण्णा, अजून दोन दिवस तरी उतरत नाही बघा."